आबा वारीला निघालेत: वेगवेगळ्या आरोग्य शाखांच्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन एकत्र कसं शिकवावं

मेडिकल, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, आहारशास्त्र. या सगळ्या शाखांची मुलं पुढे एकाच रुग्णाच्या खाटेभोवती उभी राहणार असतात. पण पदवी हातात पडेपर्यंत एकमेकांशी कामाचं बोलण्याची वेळ त्यांच्यावर फारशी येत नाही. कॉलेजं वेगळी, वेळापत्रकं वेगळी, होस्टेलं वेगळी. मग हे बोलणं ती शिकतात नोकरी लागल्यावर, रात्रपाळीत, घाईगर्दीत. तिथे चुकलं तर भोगावं लागतं रुग्णाला.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि इतर शाखांच्या शिक्षकांना बरोबर घेऊन असे ऑनलाइन उपक्रम चालवते. ज्या शिक्षकांना आपल्याकडे असं काही सुरू करायचंय, त्यांच्यासाठी हा लेख.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या विषयावर एक आराखडा काढला. दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, त्यातून सहकार्य वाढतं आणि रुग्णाला गुण येतो, त्याला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणावं, असं त्यात सांगितलंय. आपण सोयीसाठी आयपीई म्हणू. ब्रिटनमध्ये ‘कायपे’ ही संस्था १९८७ पासून नेमकं हेच काम करते आहे. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका दिल्या आहेत, त्यात ‘आरोग्यसेवेच्या चमूचा नेता आणि सदस्य’ ही एक आहे. कागदावर तरतूद आहे. पण नेता होण्याचे धडे मिळतात तितके सदस्य होण्याचे मिळत नाहीत.

पाच शाखांची दोनशे मुलं एका झूम लेक्चरला बसवली की आयपीई झालं, असा समज मला जागोजागी दिसतो. मुलं ऐकतात, हजेरी लागते, कोणाचं कोणावाचून काही अडत नाही. माझं सगळं सांगणं एवढंच आहे की काम असं द्या, ज्यात एकाचं दुसऱ्यावाचून अडलंच पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पायरी १: आधी माणसं जोडा, मग वेळापत्रक

सुरुवात तीन शाखांपासून करा. हाताशी असतील तर पाच घ्या, पण सात-आठ शाखांचा मोह पहिल्या वर्षी नको. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. मेडिकल, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी हे सगळं त्याच्या छत्राखाली येत असल्यामुळे या शाखांच्या परीक्षा कधी आहेत ते एकाच ठिकाणी कळतं. फार्मसीचं मात्र बहुतेक ठिकाणी विद्यापीठच वेगळं असतं, त्यामुळे त्यांच्या सत्राच्या तारखा आधी मागवा.

प्रत्येक शाखेतून एक शिक्षक पक्का करा. तो हौशी असण्यापेक्षा शब्दाला जागणारा असलेला बरा. मग सगळ्यांनी मिळून प्राचार्यांना आणि अधिष्ठात्यांना एकच सामायिक पत्र द्या. उपक्रम किती आठवड्यांचा, आठवड्याला किती तास, कोणत्या वर्षाची मुलं, गुण किंवा हजेरी कुठे धरणार, हे सगळं त्यात असू द्या. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ज्या कामाला हजेरी नाही ते काम परीक्षेच्या महिन्यात मुलं सोडून देतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. त्यामुळे प्रत्येक शाखेत हे काम कुठे बसतं ते शोधा. एमबीबीएसमध्ये वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ नावाचा भाग आहे. नर्सिंगच्या मुलींना केस स्टडी, केअर प्लॅन आणि आरोग्य शिक्षणाची भाषणं तशीही करावीच लागतात. फिजिओला केस सादरीकरण असतं. नवं ओझं घालण्यापेक्षा आहे ते काम या उपक्रमातून करून घ्या.

कोणत्या वर्षाची मुलं घ्यायची? वॉर्ड पाहिलेली. पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतःचंच काम नीट माहीत नसतं, मग ती दुसऱ्याला काय सांगणार? आणि इंटर्न झालेल्यांना वेळ नसतो. तिसरं वर्ष बरं पडतं.

संख्येचा हिशेबही इथेच करा. मेडिकलची तुकडी १५० ची, नर्सिंगची ५०-६० ची, फिजिओची त्याहून लहान. सगळ्यांना घेतलं तर प्रत्येक गटात मेडिकलचंच बहुमत होतं आणि चर्चा त्यांचीच होते. म्हणून प्रत्येक शाखेतून सारखीच मुलं घ्या, उरलेल्यांना पुढच्या फेरीत. गट सहा ते आठ जणांचा. त्यात प्रत्येक शाखेचा निदान एक, आणि कोणत्याही शाखेचे दोनापेक्षा जास्त नकोत.

पायरी २: उद्दिष्टं दोनच

अमेरिकेतल्या ‘आयपेक’ या मंडळाने या शिक्षणासाठी चार क्षमता ठरवल्या आहेत: मूल्यं आणि नीती, भूमिका आणि जबाबदाऱ्या, संवाद, चमूतलं काम. २०११ मध्ये पहिल्यांदा, मग २०१६ आणि २०२३ मध्ये सुधारून. चार आठवड्यांत चारही होत नाहीत. भूमिका आणि संवाद, या दोन घ्या. आणि उद्दिष्ट डोळ्यांना दिसेल असं लिहा. ‘विद्यार्थ्यांना इतर शाखांबद्दल आदर वाटेल’ हे कसं मोजणार? त्याऐवजी ‘रुग्णाच्या एखाद्या अडचणीसाठी कोणाला विचारायचं हे विद्यार्थी सांगू शकेल, आणि त्याला नेमका प्रश्न विचारू शकेल’ असं लिहा.

पायरी ३: केस लिहा, आणि तिचे तुकडे करा

सगळ्या उपक्रमाचा जीव इथे आहे. माझ्या हाती एकूण शंभर तास असतील तर त्यातले चाळीस मी केस लिहिण्यावर घालीन.

केस अशी हवी की ती एका शाखेच्या पुस्तकात मावू नये. शिवाय ती आपल्या मातीतली हवी. इंग्रजी पुस्तकातून उचललेल्या केसमध्ये रुग्ण एकटा राहतो, स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जातो आणि सांगितलेलं पथ्य पाळतो. असा रुग्ण आपल्या मुलांना भेटत नाही. मी वापरते ती केस नमुना म्हणून देते. रुग्ण पूर्णपणे कल्पित आहे.

आबा. वय ६३, करमाळा तालुक्यातले शेतकरी. अकरा वर्षांपासून मधुमेह. दोन महिन्यांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं. यंदा आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी वारी करायची, असं त्यांनी ठरवलंय. सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळपास तीन आठवडे. ‘वारीला जाऊ का?’ एवढंच विचारायला ते ओपीडीत आलेत. ही एवढी माहिती सगळ्यांना सारखी.

यापुढे प्रत्येक शाखेला वेगळं पाकीट.

मेडिकलच्या पाकिटात: तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी ९.६. मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन चालू. प्रीमिक्स (दोन प्रकार आधीच मिसळलेलं) इन्सुलिन सकाळी २० युनिट, संध्याकाळी १२. पायाच्या नाड्या दोन्हीकडे लागतात. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटचा (पायाची संवेदना तपासायच्या नायलॉनच्या तंतूचा) स्पर्श दोन्ही तळव्यांना कळत नाही.

नर्सिंगच्या पाकिटात: इंजेक्शन आबा स्वतःच घेतात, पोटावर एकाच जागी, तिथे गाठ झालीय. सिरिंजची टोपी केशरी. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा, त्याखाली काळपट डाग. आबांचं वाक्य: ‘माउलींच्या वाटेवर चप्पल कशी घालायची, सिस्टर?’

फार्मसीच्या पाकिटात: दुकानाच्या नोंदी. इन्सुलिनची वायल, म्हणजे बाटली, ४० युनिट प्रति मिलीची. दोन महिन्यांत जितक्या वायली लागायला हव्या होत्या त्याच्या निम्म्याहून कमी नेल्या आहेत. घरी फ्रिज नाही.

फिजिओच्या पाकिटात: घोट्याची हालचाल कमी, चालताना सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी. डोळे मिटून उभं राहिलं की तोल जातो. वापरातली चप्पल झिजलेली, टाचेला पट्टा नाही.

आहारशास्त्राच्या पाकिटात: दोन्ही एकादश्या कडक. सकाळी नुसता चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि रताळं. इन्सुलिन मात्र उपासालाही सकाळीच घेतात, कारण ‘औषधाला उपास नसतो’.

आता गंमत पाहा. मेडिकलचा विद्यार्थी ९.६ बघून पहिली सूचना करतो ती इन्सुलिनचा डोस वाढवण्याची. त्याच्या हातातल्या माहितीवरून ती बरोबरच आहे. पण आपल्याकडे लाल टोपीची सिरिंज ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते आणि केशरी टोपीची १०० युनिटच्या. केशरी टोपीच्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे ०.२ मिली. ४० युनिटच्या वायलीतून तेवढं औषध ओढलं तर त्यात युनिट येतात फक्त ८. म्हणजे दोन महिने आबांना सांगितल्याच्या निम्म्याहून कमी इन्सुलिन मिळतंय. टोपीचा रंग नर्सिंगकडे, वायलीची ताकद आणि उरलेला साठा फार्मसीकडे, आणि डोस मेडिकलकडे. तिघांपैकी एकालाही हे एकट्याने कळणं शक्य नाही. डोस वाढवला आणि उद्या कोणी योग्य सिरिंज हातात दिली, तर एकादशीच्या उपाशी पोटी आबांची साखर धाडकन खाली येणार.

तुमची केस वेगळी असेल, सर्पदंशाची, क्षयरोगाची, पक्षाघाताची. पण तिच्यात असा एक तरी दुवा हवा जो दोन-तीन पाकिटं जोडल्याशिवाय लागत नाही. केस लिहून झाली की प्रत्येक शाखेच्या शिक्षकाला फक्त त्याच्या शाखेचं पाकीट द्या आणि विचारा, ‘रुग्णाला काय सांगाल?’ एकट्याने पूर्ण उत्तर आलं, तर पाकीट जास्त भरलंय. एकाच शाखेकडे उत्तर देण्यासारखं काहीच नसेल, तर त्या शाखेला तुम्ही शोभेसाठी बसवलंय. बहुतेक केसांत ही पाळी फिजिओ आणि आहारशास्त्रावर येते. तेव्हा त्यांची पाकिटं मुद्दाम दोनदा तपासा.

पायरी ४: साधनं कमीत कमी

ऑनलाइन वर्ग चालवायची मूडल ही प्रणाली असेल तर उत्तम. ते मोफत आहे, कॉलेजच्या सर्व्हरवर बसवता येतं आणि गटवार फोरम देतं. नसेल तर गूगल क्लासरूम चालतं. एवढं ध्यानात ठेवा की बहुतेक मुलं हे सगळं मोबाइलवर करणार आहेत, होस्टेलच्या गॅलरीत रेंज शोधत. म्हणून लेखी संदेश आणि व्हॉइस नोट यांवर मुख्य भर, आणि थेट व्हिडिओ भेट आठवड्यातून एकदाच. झूमची मोफत गटभेट ४० मिनिटांत तुटते, गूगल मीटची तासाभरात. भेट ३५ मिनिटांची आखा म्हणजे दोन्हीकडे अडचण येत नाही. पाकिटं पीडीएफऐवजी साध्या मजकुरात द्या, दोन स्क्रीनमध्ये मावतील एवढीच.

व्हॉट्सॲप ग्रुपचा मोह सगळ्यांना होतो. माझा त्याला विरोध आहे. अनोळखी कॉलेजांतल्या मुलामुलींचे फोन नंबर एकमेकांना दिसतात आणि उपक्रम संपल्यावर मुलींना नको ते मेसेज येत राहतात. त्यांनी तक्रार करेपर्यंत थांबायचं कशाला? नंबर न दिसणारं माध्यम निवडा. व्हॉट्सॲप हवंच असेल तर ते प्रत्येक कॉलेजच्या शिक्षकाने आपापल्या मुलांना आठवण करून देण्यापुरतं.

खऱ्या रुग्णाचा फोटो, केस पेपर, आवाज, काहीही या ग्रुपवर यायला नको. ‘चेहरा झाकलाय मॅडम’ हे उत्तर पुरेसं नाही. जखमेचा फोटो आणि गावाचं नाव एकत्र आलं की माणूस ओळखू येतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली आला आहे, पण त्याच्याही आधी ही आपल्या पेशाची शपथ आहे. हा नियम पहिल्या दिवशी लेखी द्या.

पायरी ५: शिक्षकांची तयारी

प्रत्येक गटाला दोन फॅसिलिटेटर, म्हणजे चर्चा पुढे नेणारे शिक्षक, वेगवेगळ्या शाखांचे. एक डॉक्टर असेल तर दुसरा नसावा. त्यांची एक दोन तासांची बैठक घ्या आणि त्यात एकच गोष्ट घोटून घ्या: उत्तर द्यायचं नाही. पाकिटातलं रहस्य शिक्षकाला माहीत असतं आणि ते तोंडातून निसटतं. विद्यार्थी अडले की त्याने एवढंच म्हणायचं, ‘ही माहिती गटात कोणाकडे असेल?’ आणि मग थांबायचं. ऑनलाइन दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते. वीस सेकंद थांबा.

दुसरी गोष्ट उतरंडीची. वॉर्डात जे चालतं ते ऑनलाइनही येतं. मेडिकलची मुलं आधी बोलतात, नर्सिंगच्या मुली ‘यस सर’ म्हणतात, फिजिओची मुलं विचारल्याशिवाय बोलत नाहीत. पण ऑनलाइनमध्ये हे मोडणं वॉर्डापेक्षा सोपं आहे, कारण कोण कधी बोलणार ते तुमच्या हातात असतं. आम्ही तीन नियम ठेवतो. गटात सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची. ‘सर’, ‘मॅडम’, ‘सिस्टर’ नाही. प्रत्येक भेटीत बोलण्याचा क्रम ठरलेला आणि मेडिकलचा नंबर शेवटून दुसरा. भेटीचा सूत्रधार दर आठवड्याला वेगळ्या शाखेचा.

भाषेचंही बघा. मराठी माध्यमातून आलेली मुलगी लिहिताना इंग्रजीत अडखळते, पण मराठीत तीच आबांच्या पायाबद्दल सगळ्यात अचूक बोलते. गटात मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल हे तोंडी सांगून भागत नाही. फॅसिलिटेटरने स्वतःचा पहिला संदेश मराठीत टाकावा. गटात विदर्भातलं, कोकणातलं, बाहेरच्या राज्यातलं कोणी असेल तर शब्द समजावून सांगणं हाही सरावच आहे.

पायरी ६: चार आठवडे

उपक्रम सुरू होण्याआधी चार दिवस फक्त ओळखीला द्या. लॉगिन, पासवर्ड, माइक या अडचणी तिथेच संपवा. ओळख एका मिनिटाच्या व्हॉइस नोटवर, आणि प्रश्न असा: ‘माझ्या शाखेबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज कोणता?’ फिजिओवाला म्हणतो, लोक आम्हाला मालिशवाले समजतात. फार्मसीवाली म्हणते, दुकानदार. नर्सिंगची मुलगी म्हणते, डॉक्टरांची मदतनीस. बर्फ इथे फुटतो.

पहिला आठवडा फक्त विचारायचा. प्रत्येकाने आपलं पाकीट वाचायचं. ते जसंच्या तसं गटात टाकायला मनाई. कोणी नेमकं विचारलं तरच सांगायचं. प्रत्येकाने इतर प्रत्येक शाखेला किमान एक प्रश्न लेखी विचारायचा. सुरुवातीचे प्रश्न ढोबळ असतात: ‘नर्सिंगकडे काही माहिती आहे का?’ त्यावर उत्तर द्यायचं नाही, ‘काय हवंय?’ असं विचारायचं. मग प्रश्न नेमके होत जातात: ‘इंजेक्शन कोण देतं? कुठे देतं? सिरिंज कोणती?’ नेमका प्रश्न विचारता येण्यासाठी दुसऱ्याचं काम थोडं तरी माहीत असावं लागतं, म्हणून मुलं आपणहून वाचायला लागतात.

दुसऱ्या आठवड्यात जोडणी. थेट भेटीत सगळे तुकडे एका सामायिक कागदावर. सिरिंजचा उलगडा साधारण इथे होतो. एखाद्या गटाला झाला नाही तरी सांगू नका, तिसऱ्या आठवड्यात होईल. या भेटीत मतभेद वर येतात आणि यायलाच हवेत. मेडिकलचं म्हणणं, स्पर्श कळत नाही आणि घट्ट्याखाली डाग आहे, वारीला सक्त मनाई. नर्सिंगचं म्हणणं, मनाई केली तर आबा न सांगता जातील आणि अनवाणी जातील. फिजिओ म्हणतो, एमसीआरची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल, टाचेला पट्टा, आणि काही टप्पे गाडीने. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. फॅसिलिटेटरने निवाडा करायचा नाही. ‘आबांना काय हवंय, आणि ते किती सुरक्षित करता येईल?’ या प्रश्नावर गटाला परत आणायचं.

तिसऱ्या आठवड्यात एक वळण. गटात अचानक संदेश येतो: ‘आबा वारीत आहेत. आता लाल टोपीची सिरिंज वापरतात. दिवे घाट चढताना घाम सुटलाय, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. आज एकादशी.’ पुण्याहून सासवडला जातानाचा दिवे घाट बऱ्याचदा ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येतो, हे वारी केलेल्या घरातली मुलं लगेच ओळखतात. उपास, चढ आणि आता पूर्ण ताकदीचं इन्सुलिन. यावर प्रत्येकाने एका मिनिटाची व्हॉइस नोट द्यायची: शेजारचा वारकरी फोनवर आहे, त्याला काय सांगाल? मग वाटेवरच्या आरोग्य पथकाला काय सांगाल?

दुसऱ्या निरोपासाठी एसबीएआर शिकवा. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आली: परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, आपली मागणी. मुलांच्या पहिल्या नोटांत पार्श्वभूमी दोन मिनिटं चालते आणि मागणी येतच नाही. चांगली नोट अशी असते:

‘६३ वर्षांचे मधुमेही वारकरी, दिवे घाटात घाम आणि थरथर, बोलणं अडखळतंय, पण गिळता येतंय. सकाळी प्रीमिक्स इन्सुलिन २० युनिट घेतलं, एकादशीमुळे चहाशिवाय काही खाल्लेलं नाही. साखर कमी झाल्यासारखं वाटतंय. तीन चमचे साखर पाण्यातून देतोय. ग्लुकोमीटर घेऊन या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली तर तोंडाने काही देणार नाही, शिरेतून ग्लुकोज लागेल.’

चाळीस सेकंदांत होते. नोटा गटात सगळ्यांनी ऐकायच्या आणि एकमेकांना एकच सुधारणा सुचवायची. स्वतःचा आवाज ऐकण्यातून मुलं जितकं शिकतात तितकं माझ्या सांगण्यातून शिकत नाहीत.

चौथ्या आठवड्यात गटाने दोन वस्तू द्यायच्या. एक पानाचा सामायिक आराखडा: काय करायचं, कोण करणार, कधी. आणि आबांसाठी दोन मिनिटांची मराठी व्हॉइस नोट, जी करमाळ्यातल्या घरात सगळ्यांना कळेल. त्यात रोज रात्री तळवे कोणी बघायचे हे आलं पाहिजे (आबांना खाली वाकून दिसत नसेल तर आरसा, किंवा सोबतचं कोणी). इन्सुलिन उन्हात न ठेवता ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात कसं न्यायचं, बर्फाला का टेकवायचं नाही, टोचण्याची जागा रोज का बदलायची, हेही. आणि उपासाच्या दिवशी डोसचं काय करायचं ते डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून कागदावर लिहून घ्यायचं, मनाने कमी-जास्त करायचं नाही. ‘हायपोग्लायसेमिया’ (साखर फार कमी होणं) असा जड शब्द नोटेत आला की नोट परत. नोट एखाद्या शिपाईकाकांना किंवा मेसच्या मावशींना ऐकवा आणि त्यांना काय कळलं ते विचारा. परीक्षक म्हणून त्यांच्याइतकं उपयोगी कोणी नाही.

पायरी ७: मागे वळून बोलणं

शेवटची भेट फक्त यासाठी. प्रश्न तीन: कोणती गोष्ट दुसऱ्या शाखेने सांगितली नसती तर तुम्ही चुकला असतात? कोणत्या क्षणी तुम्हाला बोलायचं होतं पण बोलला नाहीत? पुढच्या वॉर्ड पोस्टिंगला कोणाशी जाऊन बोलाल? दुसरा प्रश्न आधी लेखी, नाव न देता मागवा. त्यातून उतरंडीचं जे चित्र दिसतं ते शिक्षकांनीही वाचण्यासारखं असतं.

पायरी ८: मूल्यमापन

व्यक्तीचे गुण वेगळे, गटाचे वेगळे. सगळेच गटाचे ठेवले तर दोघं राबतात आणि बाकीचे पास होतात. व्यक्तीसाठी पहिल्या आठवड्यातले प्रश्न आणि तिसऱ्या आठवड्यातली व्हॉइस नोट; गटासाठी आराखडा आणि आबांची नोट. लेखी उत्तरं चॅटबॉटकडून येणार हे धरून चाला. पण पाकिटातली माहिती कोणी कोणाला कधी विचारली, हे त्याला माहीत नसतं. म्हणूनही विचारण्याला गुण ठेवा.

मोजमापाच्या तयार प्रश्नावल्या आहेत. १९९९ ची ‘रिपल्स’ ही १९ विधानांची, शिकण्याची तयारी मोजते. तिचा एक त्रास आहे: एकत्र काम करायला आवडेल का, याला सुरुवातीलाच सगळे ‘हो’ म्हणतात, मग पुढे वाढ दिसायला जागाच राहत नाही. मला ‘इकास’ अधिक पटते. २० विधानं, शेवटी एकदाच भरायची, प्रत्येकात ‘तेव्हा’ आणि ‘आता’ असे दोन आकडे. आपल्याला दुसऱ्याचं काम कळत नव्हतं, हे मुलांना कळल्यावरच सांगता येतं. आकड्यांवर शोधनिबंध लिहायचा विचार असेल तर संस्थेच्या नीती समितीची परवानगी सुरुवातीआधीच घ्या. मागाहून मिळत नाही.

पायरी ९: वॉर्डात न्या

ऑनलाइन उपक्रमाने ओळख होते, विचारायची सवय लागते. पण घट्ट्याला हात लावणं, मोनोफिलामेंट टेकवणं, रुग्णाच्या डोळ्यांत बघून बोलणं हे स्क्रीनवर होत नाही. महिन्याभरात एकदा तरी गटाला एका ओपीडीत प्रत्यक्ष भेटवा. मधुमेही पायाची ओपीडी सोयीची. रुग्णाची संमती घ्या, एका रुग्णामागे अर्धा तास, प्रत्येक शाखेने आपली तपासणी करून दुसऱ्यांना दाखवायची. कॉलेजं लांबच्या गावांत असतील तर प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी दुसऱ्या शाखेच्या एका व्यावसायिकासोबत अर्धा दिवस घालवावा आणि गटाला तीन ओळींत सांगावं.

फेरी संपली की आठवड्याच्या आत सगळे शिक्षक एकत्र बसा आणि केस दुरुस्त करा. फोरमवरच्या नोंदी उघडा. पाकिटातली कोणती माहिती एकाही गटाने विचारली नाही? ती काढून टाका, किंवा तिच्याकडे नेणारा धागा दुसऱ्या पाकिटात घाला. कोणत्या शाखेला सगळ्यात कमी प्रश्न आले? तिचं पाकीट नव्याने लिहा. आणि मागच्या बॅचने पुढच्या बॅचला सिरिंजचं गुपित सांगितलंच असणार, तेव्हा दुसऱ्या वर्षी टोपी लालच ठेवा आणि अडचण दुसरीकडे हलवा: म्हणजे चप्पल नवी घेतलीय, पण तिच्या आतला खिळा वर आलाय आणि आबांना तो टोचलेला कळत नाही.